फुले न्याहाळणारा गणितज्ञ

सन १९२३ च्या वसंत ऋतूत इंग्लंडमधील एका बाईने आपल्या धाकट्या मुलाचे एक गमतीचे रेखाचित्र काढले. मैदानावर हॉकीचा खेळ रंगात आला आहे, मुले चेंडूमागे धावत आहेत, आणि तिचा मुलगा मात्र हातात काठी घेऊन, कमरेत वाकून, गवतात उमललेल्या डेझीच्या फुलांकडे टक लावून पाहत आहे, असे ते चित्र होते. डेझी हे आपल्याकडील शेवंतीच्या कुळातील एक चिमुकले फूल आहे. फुले कशी वाढतात हे पाहण्यात खेळाचे भान विसरणारा हा मुलगा पुढे थोर गणितज्ञ झाला. यंत्राला विचार करता येईल काय, हा प्रश्न त्याने शास्त्रीय रीतीने जगापुढे ठेवला. आणि सजीवांच्या अंगी आकार कसे उमटतात, याचेही गणित मांडून दाखवले. या मुलाचे नाव ॲलन मॅथिसन ट्यूरिंग.

ॲलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. त्याचे वडील जूलियस ट्यूरिंग हे मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आई सारा हिचा जन्मही दक्षिण भारतातलाच. तिचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य अभियंता होते. असे असूनही ॲलनला भारतात आणले गेले नाही. त्याला व त्याचा थोरला भाऊ जॉन याला इंग्लंडमध्येच, समुद्रकाठच्या एका गावी, निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवण्यात आले. ॲलन दीड वर्षाचाही झाला नव्हता, तोच आई त्याला सोडून भारतात परतली. पुढे आईवडिलांचा सहवास लाभे तो मधून मधूनच. साहजिकच हा मुलगा आपल्या नादात रमणारा झाला. वाचायला तो अवघ्या तीन आठवड्यांत, आपला आपणच शिकला. आकड्यांचे तर त्याला असे वेड होते की, रस्त्यावरील दिव्याच्या प्रत्येक खांबापाशी थांबून त्यावरील क्रमांक वाचल्याखेरीज तो पुढे पाऊल टाकत नसे.

तो दहा वर्षांचा असता सृष्टीतील नवलांविषयीचे एक पुस्तक त्याच्या हाती पडले. मनुष्याचे शरीर हेही एक यंत्रच आहे, मात्र ते कोणत्याही कारखान्यातील यंत्रापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे आहे, असे त्या पुस्तकात समजावले होते. हा विचार ॲलनच्या मनात खोल रुजला.

मे १९२६ मध्ये तो शेरबोर्न येथील शाळेत दाखल होण्यासाठी निघाला. त्याचे चौदावे वर्ष अजून पुरे झाले नव्हते. फ्रान्सहून तो एकटाच आगबोटीने साउदॅम्प्टन बंदरात उतरला. पण त्या दिवसांत इंग्लंडमध्ये मोठा सार्वत्रिक संप सुरू होता आणि आगगाड्या बंद होत्या. शाळा तर तेथून साठ मैल, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर दूर. दुसरा मुलगा रडकुंडीस आला असता. ॲलनने सामान बंदरावरच ठेवले, सायकल घेतली, नकाशा पाहिला आणि वाट धरली. वाटेत एक रात्र खाणावळीत काढून दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या दारात हजर झाला. अडचण आली की तिचे लहान लहान भाग पाडावेत आणि एकेक भाग उलगडत पुढे जावे, हा स्वभाव त्याला जन्मभर उपयोगी पडला.

त्या शाळेत लॅटिन व ग्रीक भाषांना मान होता. गणित व विज्ञान यांची फारशी मातबरी नव्हती. ॲलनचे अक्षर वाईट, वह्या शाईने माखलेल्या, वागणे अव्यवस्थित. शिक्षक त्याच्यावर नाराज असत. तेथेच त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम हा एक वर्षाने पुढे असलेला मित्र भेटला. ख्रिस्तोफर हुशार, नीटनेटका आणि मनाचा उमदा होता. ग्रहतारे, रसायने आणि गणितातील कोडी यांवर दोघांच्या गप्पा संपत नसत. एकाकी ॲलनला जीवनात प्रथमच बरोबरीचा सोबती मिळाला होता.

हे सुख फार काळ टिकले नाही. लहानपणी दूषित दुधातून जडलेल्या क्षयरोगाने १३ फेब्रुवारी १९३० रोजी ख्रिस्तोफरचे निधन झाले. ॲलनवर जणू आकाश कोसळले. त्याने मित्राच्या आईस पत्रे लिहिली, तिचे सांत्वन केले, तिच्याकडून मित्राची तसबीर मागून घेतली. मित्राचे अपुरे राहिलेले काम आपण पुरे करावे, असे त्याला वाटू लागले. त्याच दुःखातून काही प्रश्न त्याच्या मनात घर करून बसले. मन म्हणजे काय? शरीरावाचून ते राहू शकते काय? ते मेंदूतूनच उपजत असेल, तर कोणत्या नियमांनी? पुढील सारे आयुष्य तो निरनिराळ्या वाटांनी याच प्रश्नांकडे वळत राहिला.

१९३१ मध्ये ट्यूरिंग केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजात गेला आणि १९३५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्या कॉलेजाचा फेलो झाला. त्याच सुमारास जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट याने विचारलेला एक प्रश्न त्याच्या कानी आला. गणितातील कोणतेही विधान घेतले, तर ते सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, हे हमखास ठरवून देणारी एखादी ठरावीक रीत असू शकेल काय, असा तो प्रश्न होता.

ट्यूरिंगने मूळापासून विचार केला. ठरावीक रीत म्हणजे तरी काय? चौकटीच्या वहीत गुणाकार करणारा विद्यार्थी घ्या. तो एका वेळी एका घरातील अंक पाहतो, नियम आठवतो, एक अंक लिहितो, हातचा धरतो आणि शेजारच्या घराकडे वळतो. कितीही मोठा गुणाकार असला, तरी तो अशाच लहान पायऱ्यांचा बनलेला असतो. मग हे काम यंत्राने का करू नये? ट्यूरिंगने मनातल्या मनात एक यंत्र रचले. घरे पाडलेली एक लांबच लांब कागदी पट्टी आहे. यंत्र एका वेळी एक घर वाचते, त्यातील खूण पुसते किंवा नवी लिहिते, आणि एक घर डावीकडे वा उजवीकडे सरकते. कोणत्या खुणेवर काय करायचे, हे नियमांच्या एका कोष्टकात दिलेले असते. पायरीपायरीने सांगता येण्याजोगा कोणताही हिशेब असे यंत्र करू शकेल, असे त्याने दाखवले.

यानंतर त्याला त्याहून मोलाची गोष्ट सुचली. नियमांचे कोष्टकसुद्धा खुणांच्या रूपाने पट्टीवरच लिहून दिले तर? तसे केल्यास प्रत्येक कामासाठी वेगळे यंत्र नको. एकच यंत्र सर्व यंत्रांचे काम करील. आजचा संगणक किंवा खिशातील मोबाईल फोन याच तत्त्वावर चालतो. यंत्र तेच, पण आज्ञावली बदलली की ते कधी हिशेब करते, कधी चित्र दाखवते, कधी गाणे ऐकवते. काही प्रश्न मात्र असे आहेत की त्यांचे उत्तर असे कोणतेही यंत्र देऊ शकणार नाही, हेही ट्यूरिंगने सिद्ध केले. अर्थात हिल्बर्टच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी ठरले. अमेरिकेतील आलोंझो चर्च हा गणितज्ञ थोडे आधी, वेगळ्या मार्गाने, याच उत्तराप्रत पोहोचला होता. ट्यूरिंगने आपला निबंध १९३६ मध्ये सादर केला, तेव्हा त्याला चोविसावे वर्ष चालू होते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. दुसऱ्याच दिवशी ट्यूरिंग ब्लेचली पार्क येथील गुप्त कार्यालयात रुजू झाला. जर्मन सैन्य आपले संदेश ‘एनिग्मा’ नावाच्या यंत्राने गुप्तलिपीत लिहीत असे. त्या यंत्राच्या मांडणीचे प्रकार इतके होते की, त्यांची संख्या लिहिण्यास १५९ या आकड्यापुढे १८ शून्ये मांडावी लागत, आणि ती मांडणी रोज बदले. एकेक मांडणी तपासू म्हटले, तर युगे लोटली असती. या यंत्राचे मर्म प्रथम उलगडले ते रेयेव्स्की, रुझित्स्की व झिगाल्स्की या तीन पोलिश गणितज्ञांनी, १९३२ पासून पुढे. जुलै १९३९ मध्ये, स्वतःच्या देशावर संकट घोंगावत असताना, पोलंडने ते ज्ञान ब्रिटन व फ्रान्स यांच्या हवाली केले.

त्या पायावर ट्यूरिंगने नवे यंत्र योजले. त्यास ‘बॉम्ब’ असे चमत्कारिक नाव होते. जर्मन संदेशांत हवामानासारखे काही शब्द वारंवार येत. शिवाय एनिग्मातून कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात कधीही बाहेर पडत नसे. या दोन दुव्यांचा उपयोग करून हे यंत्र अशक्य मांडण्या भराभर बाद करी आणि मोजक्याच शक्य मांडण्या शिल्लक ठेवी. पहिले यंत्र मार्च १९४० मध्ये आले. गॉर्डन वेल्चमन या सहकाऱ्याने त्यात मोलाची सुधारणा केली. आणि युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेहून अधिक यंत्रे चालू लागली. ब्लेचली पार्क येथे हजारो माणसे काम करीत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या अन्नधान्याची जहाजे बुडवीत होत्या. त्यांचे संदेश उलगडू लागल्यावर जहाजांना धोक्याच्या वाटा टाळता आल्या व असंख्य खलाशांचे प्राण वाचले. १९४१ मध्ये मनुष्यबळ अपुरे पडू लागले, तेव्हा ट्यूरिंग व त्याच्या तीन सहकाऱ्यांनी थेट पंतप्रधान चर्चिल यांना पत्र लिहिले. चर्चिल यांनी त्यांना हवे ते तातडीने देण्याचा हुकूम सोडला.

ट्यूरिंगच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी तेथे सर्वतोमुखी होत्या. उन्हाळ्यात फुलांच्या परागकणांमुळे त्याला शिंकांचा त्रास होई, म्हणून तो विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा तोंडावर चढवून सायकलवरून कामाला जाई. त्या सायकलची साखळी ठरावीक फेऱ्यांनंतर निसटत असे. सायकल दुरुस्त करण्याऐवजी तो पायडलचे फेरे मोजी आणि साखळी निसटण्याच्या नेमक्या क्षणाआधी उपाय करी.

युद्ध संपले, पण हे सारे काम गुप्तच राहिले. त्याविषयी आईजवळही बोलण्याची मुभा नव्हती. ते जगाला कळले १९७० नंतर, त्याच्या मृत्यूला वीस वर्षे उलटून गेल्यावर.

१९४५ मध्ये ट्यूरिंग लंडनजवळील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत दाखल झाला आणि त्याने विद्युत्संगणकाचा तपशीलवार आराखडा तयार केला. पण काम रेंगाळले. मनावरचा ताण हलका करण्यासाठी तो मैलोन्‌मैल धावत असे. १९४७ मध्ये इंग्लंडमधील एका प्रमुख मॅरेथॉन शर्यतीत त्याने २ तास ४६ मिनिटांत अंतर कापून पाचवा क्रमांक मिळवला. १९४८ मध्ये त्याने यंत्रांच्या बुद्धीविषयी एक अहवाल लिहिला. नवजात बालकाचा मेंदू अव्यवस्थित यंत्रासारखा असतो आणि शिक्षणाने त्यात व्यवस्था येते. त्याचप्रमाणे यंत्रालाही बक्षीस व शिक्षा यांच्या योगे शिकवता येईल, असे त्यात म्हटले होते. वरिष्ठांना त्याची किंमत कळली नाही. तो अहवाल छापून निघाला १९६८ मध्ये.

त्याच वर्षी तो मँचेस्टर विद्यापीठात गेला. एका मित्राच्या साहाय्याने त्याने बुद्धिबळ खेळण्याचे नियम यंत्रासाठी लिहून काढले. ते चालवू शकेल असा संगणक तेव्हा नव्हता. मग १९५२ मध्ये ट्यूरिंग स्वतःच यंत्र होऊन बसला! एकेका चालीचा हिशेब कागदावर करण्यास त्याला सुमारे अर्धा तास लागे. त्या डावात कागदी यंत्र हरले. पण आज्ञावलीच्या आधारे बुद्धिबळ खेळता येते, एवढे निश्चित दिसून आले.

१९५० मध्ये त्याचा सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध झाला. यंत्र विचार करते काय, यावर शब्दांची ओढाताण करण्यापेक्षा एक कसोटी घ्यावी, असे त्याने सुचवले. एका खोलीत परीक्षक बसेल. दुसरीकडे एक मनुष्य व एक यंत्र असेल. परीक्षक दोघांना लेखी प्रश्न विचारील आणि उत्तरेही लेखीच मिळतील. उत्तरांवरून मनुष्य कोणता व यंत्र कोणते हे त्याला ओळखता आले नाही, तर यंत्राला बुद्धी नाही असे म्हणण्यास आधार उरत नाही. प्रौढ माणसाचे मन एकदम बनवण्यापेक्षा बालकासारखे यंत्र बनवून त्याला शिकवावे, हा विचारही त्याने याच निबंधात पुन्हा मांडला. सन २००० च्या सुमारास यंत्रे या कसोटीत बरेच यश मिळवतील, असे त्याचे भाकीत होते. ते त्या मुदतीत पुरे झाले नाही. आता मात्र शिकवून तयार केलेली यंत्रे माणसांशी सहज संभाषण करतात. आणि त्यांना विचार करता येतो असे म्हणावे काय, हा ट्यूरिंगचा प्रश्न विद्वानांत अजूनही वादाचा विषय आहे.

एवढ्यावर त्याची जिज्ञासा थांबली नाही. बालपणी पाहिलेली फुले त्याच्या स्मरणातून गेली नव्हती. गर्भ आरंभी एकसारख्या पेशींचा लहानसा गोळा असतो. मग त्यात हात कोठे, पाय कोठे, हे कसे ठरते? बिबट्याच्या अंगावर ठिपके कोण उमटवतो? शाईचा थेंब पाण्यात पडला तर तो पसरतो आणि सर्वत्र सारखा होतो. त्यातून नक्षी उमटत नाही. पण ट्यूरिंगने १९५२ च्या निबंधात गणिताने दाखवले की, एकमेकांवर क्रिया करणारी दोन द्रव्ये पसरत असतील, तर याच्या नेमके उलट घडू शकते. समजा, एक द्रव्य स्वतःची वाढ करते आणि त्याबरोबर आपल्या विरोधकालाही जन्म देते. आणि हा विरोधक त्याच्याहून वेगाने पसरतो. मग पहिले द्रव्य योगायोगाने जेथे किंचित वाढेल, तेथे त्याची दाटी होईल. भोवताली मात्र विरोधक आधी पोहोचून त्याला दडपून टाकील. विरोधकाचा प्रभाव जेथे संपेल, तेथे पुन्हा दाटी होईल. अशा रीतीने, कोणी चित्रकार नसताना, ठिपके आणि पट्टे आपोआप उमटतील.

सूर्यफुलातील बिया डावीकडे व उजवीकडे वळणाऱ्या ओळींत असतात. त्या ओळी मोजल्या तर बहुधा २१, ३४, ५५, ८९ अशा संख्या येतात. या मालिकेतील प्रत्येक संख्या मागील दोन संख्यांच्या बेरजेइतकी असते. आपल्या देशात हेमचंद्र या पंडिताला ही मालिका बाराव्या शतकात छंदशास्त्राच्या अभ्यासात आढळली होती. फुलांत ती कोठून येते, हे शोधण्यासाठी ट्यूरिंग मँचेस्टरच्या संगणकावर रात्री रात्री आकडेमोड करीत बसे.

परंतु याच वर्षी त्याच्यावर मोठा आघात झाला. जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. पोलिसांच्या तपासात, आपले एका पुरुषाशी प्रेमसंबंध असल्याचे त्याने न लपवता सांगितले. पुरुषांमधील असे संबंध त्या काळी इंग्लंडच्या कायद्याने गुन्हा मानले जात. त्याने कोणाचे काही चोरले नव्हते, कोणाला इजा केली नव्हती. तरीही न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि तुरुंग किंवा औषधांचा सक्तीचा उपचार, यांतून एक निवडण्यास सांगितले. काम थांबू नये म्हणून त्याने उपचार पत्करला. वर्षभर चाललेल्या त्या औषधांनी त्याच्या शरीराची हानी केली. सरकारी गुप्त कामाची दारेही त्याला बंद झाली. ज्या देशाच्या रक्षणासाठी त्याने बुद्धी झिजवली, त्या देशाने त्याला असा न्याय दिला. आणि युद्धातील कामगिरी गुप्त असल्याने तिच्याविषयी त्याला उघडपणे एक शब्दही बोलता येत नव्हता. ७ जून १९५४ रोजी विषबाधेने त्याचा अंत झाला. तेव्हा तो अवघा एक्केचाळीस वर्षांचा होता. त्याने स्वतःच जीवन संपवले, असा निर्णय चौकशीत देण्यात आला. त्याची आई मात्र हा अपघातच होता असे मानीत राहिली.

तो अन्यायी कायदा इंग्लंडमध्ये १९६७ पासून बदलू लागला. २००९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी ट्यूरिंगला मिळालेल्या वागणुकीबद्दल जाहीर क्षमा मागितली. २०१३ मध्ये राणीने त्याला माफी दिली आणि २०१७ मध्ये त्याच्यासारख्याच हजारो दंडित माणसांसाठी माफीचा कायदा झाला. २३ जून २०२१ रोजी, त्याच्या जन्मदिनी, पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याचे चित्र झळकले. संगणकशास्त्रातील सर्वश्रेष्ठ पुरस्कार १९६६ पासून त्याच्याच नावाने दिला जातो. हा सन्मान थोर खरा. पण तो पाहण्यास ट्यूरिंग उरला नव्हता.

त्याचे विचार मात्र उरले. १९९० मध्ये फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या गणिताप्रमाणे उमटणारी नक्षी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष घडवली. १९९५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना एका समुद्री माशाच्या अंगावरील पट्टे तशाच रीतीने सरकताना आढळले. सूर्यफुलांचे काम अपुरे राहिले होते. २०१२ साली त्याच्या जन्मशताब्दीनिमित्त मँचेस्टर येथून एक आवाहन करण्यात आले, आणि शाळकरी मुलांसह हजारो लोकांनी आपापल्या अंगणांत सूर्यफुले लावली. फुले पिकल्यावर त्यांनी ओळी मोजल्या आणि शास्त्रज्ञांकडे पाठवल्या. बहुतेक फुलांत तीच संख्यामालिका निघाली. काही फुलांत मात्र ती नव्हती, आणि ती का नव्हती हा नवा प्रश्न २०१६ मध्ये अभ्यासकांपुढे आला. खेळाच्या मैदानावर वाकून फुले पाहणाऱ्या त्या मुलाचे काम, त्याच्या मागे सहा दशकांनी, अशा रीतीने मुलांच्याच हातांनी पुढे गेले.